हॅकर : चोर की कारागीर?

'हॅकर' हा शब्द आपल्या घरांत शिरला तो चोरपावलांनीच. कोणाच्या बँकेतील खात्यातून पैसे नाहीसे झाले, कोणाच्या मोबाईलचा ताबा परक्याच्या हाती गेला, की आपण म्हणतो, "हॅकरने डाव साधला." त्यामुळे घरातील एखाद्या मुलाने अगर मुलीने "मला हॅकर व्हावयाचे आहे" असे म्हटले, तर आईवडिलांच्या छातीत धस्स व्हावे यात नवल नाही. आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी असला विषय कशाला, असेही काही वाचकांस वाटेल. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे आणि त्या अर्थाचे आपल्या समाजाशी जवळचे नाते आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास आपण एका खेळण्यातल्या आगगाडीपाशी येऊन पोहोचतो. अडीच फुटी रुळांवरून धावणारी छोटी गाडी ज्यांनी लहानपणी पाहिली त्या बालाघाटकरांना ही गोष्ट विशेष रुचेल. अमेरिकेतील एम. आय. टी. या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात विद्यार्थ्यांचे एक आगगाडी मंडळ होते. त्यातील काहींना टेबलावरील डबे आणि स्टेशने रंगविण्यात गोडी होती. तर काहींचे लक्ष टेबलाखाली होते. जुन्या टेलिफोन यंत्रणेचे सुटे भाग जोडून, कोणती गाडी कोणत्या रुळावर जावी हे ठरविणारे तारांचे जाळे त्यांनी तेथे विणले होते. एखादी अडचण चतुराईने, नव्या युक्तीने सोडविली, की त्या युक्तीला ही मुले 'हॅक' म्हणत. आणि अशा युक्त्या करणारा तो हॅकर.

1959 च्या सुमारास या मुलांना विद्यापीठातील संगणकाची गोडी लागली. दिवसा यंत्र मोठ्यांच्या ताब्यात असे. म्हणून ही मंडळी रात्री जागत. त्या काळी संगणकाला द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून लिहीत. लिहून झालेली फीत कुलपात न ठेवता खणात टाकावयाची. ज्याला हवी त्याने ती घ्यावी, सुधारावी आणि पुन्हा तेथेच ठेवावी, असा त्यांचा रिवाज होता. 1962 साली तेथे तयार झालेला अवकाशयुद्धाचा खेळ असाच अनेक हातांनी सुधारत गेला. स्टीव्हन लेव्ही या लेखकाने 1984 साली या मंडळींवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांची रीत जगापुढे आली. ती थोडक्यात अशी : वस्तू हाताळल्याशिवाय कळत नाही, कळलेले ज्ञान लपवू नये, आणि माणसाची पारख त्याच्या पदवीवरून, वयावरून अगर कुळावरून न करता त्याच्या कामावरून करावी.

याच रीतीतून पुढे मोठी कामे उभी राहिली. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी, सर्वांना पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी संगणकप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. 1991 साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहून तो जगाला खुला केला. आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात आज तोच गाभा आहे.

मग चोरीचे काय? तीही खरीच आहे. ज्याला कुलूप कसे चालते हे कळते, त्याला ते फोडताही येते. आपल्या देशाच्या 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66 व्या कलमाच्या शीर्षकातच 'हॅकिंग' हा शब्द होता. 2008 च्या दुरुस्तीत तो शब्द गेला, गुन्हा मात्र राहिला. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या अनुमतीवाचून शिरणे हा अपराधच आहे, आणि हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. परंतु सुरीने कोणी खून केला म्हणून आपण स्वयंपाकघरातून सुरी काढून टाकीत नाही.

आता दूरदेशीच्या गोष्टी सोडून जवळ येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणग्रस्त गाव आहे. अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले आणि मुंबईतील एका मोठ्या कंपनीत संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तेथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला. शाळेत न टिकलेली मुले बुद्धीने मंद नसतात, त्यांना हातांनी शिकू द्या, अशी त्यांची धारणा होती. तेथील विद्यार्थी सुतारकाम, वेल्डिंग, वीजकाम, शेती, पशुपालन शिकतात आणि शिकता शिकताच गावाची कामे करतात. जीपचे जुने भाग वापरून तेथे लहान ट्रॅक्टर तयार झाला. जमिनीखालचे पाणी अजमावण्याचे स्वस्त यंत्र तयार झाले. लोखंडी त्रिकोण जोडून घुमटाकार घरे उभी राहिली. पुढे 2002 साली, ज्या एम. आय. टी. मध्ये ती खेळण्यातली आगगाडी होती, त्याच विद्यापीठाच्या सहकार्याने पाबळला 'फॅब लॅब' म्हणजे वाटेल ती वस्तू घडविण्याची कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांत तिची गणना होते. कलबाग 2003 साली निवर्तले, परंतु काम चालू राहिले.

दुसरे उदाहरण तर आपल्या मध्य प्रदेशाशीच बांधलेले आहे. आय. आय. टी. कानपूरहून अभियंता झालेले श्री. अरविंद गुप्ता 1978 साली पुण्याची नोकरी काही काळ सोडून होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम्) जिल्ह्यात, खेड्यांतील शाळांत चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यात आले. तेथील बाजारात हिंडताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आगपेटीच्या काड्यांना जोडले, की त्रिकोण, चौकोन, घन असे सारे आकार मुलांच्या हातांत येतात! पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी रचली आणि त्यांची कृती विनामूल्य सर्वांस खुली केली. 2018 साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. खणात फीत टाकणाऱ्या त्या विद्यार्थ्यांचीच ही वृत्ती नव्हे काय?

कोणी म्हणेल, "यात नवे ते काय? आमच्याकडे जुगाड पूर्वीपासूनच आहे." खरे आहे. पंप बिघडला, सुटा भाग मिळत नाही, तरी पिकाला पाणी पोहोचविणारे शेतकरी आपल्या वैनगंगेकाठी पुष्कळ आहेत. मराठीत अशा माणसाला 'खटपट्या' हा सुंदर शब्द आहे. परंतु जुगाड आणि हॅक यांत एक अंतर आहे. जुगाड आजची वेळ निभावून नेतो आणि करणाऱ्याबरोबर संपतो. हॅकर आपली युक्ती लिहून ठेवतो, दुसऱ्याला दाखवितो, दुसरा तिच्यात भर घालतो.

येथे आपण स्वतःकडे पाहावे अशी आमची विनंती आहे. आपल्याकडची विद्या बहुधा घराबाहेर पडली नाही. बापाने मुलाला सांगितली, सुनेला सांगितली, लेकीला मात्र सांगितली नाही. कारण ती परघरी जावयाची. किती कसबे अशी चितेवर गेली, याची गणती कोणी केली आहे काय? आणि दुसरे असे, की घड्याळ किंवा रेडिओ उघडून बसलेल्या मुलाला आपण 'उचापती' म्हणून धपाटा घातला आहे. आम्हीही त्याला अपवाद नाही. मुलाने चालता पंखा खोलला तेव्हा आम्ही त्याला रागे भरलो. तो कसा फिरतो, एवढेच त्याला पाहावयाचे होते, हे विचारण्याचे सुचले नाही. त्यानंतर त्याने घरातील कोणतीच वस्तू उघडली नाही. त्या वेळी आम्हांस ते शहाणपण वाटले. आता ती हानी वाटते.

आपला न्यास गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, हे योग्यच आहे. परंतु तो गुणपत्रिका पाहून करतो. नव्वद टक्के मिळविणारी मुले बहुधा शिकून नागपूर, पुणे गाठतात. जी येथेच राहतात, ज्यांच्या हातांत कसब आहे, त्यांच्या वाट्याला ना हार येतो ना शाल. म्हणून या महोत्सवी वर्षात आमची एक लहानशी सूचना आहे. सभागृहाची एखादी खोली आठवड्यातून एक दिवस उघडावी. तेथे एक मजबूत टेबल, पाने-पेचकस, डाग देण्याची कैची आणि एखादा जुना संगणक असावा. घरोघरचे बंद पडलेले पंखे, मिक्सर, रेडिओ तेथे आणावेत. जाणत्या कारागिरांनी मुलामुलींना बरोबर घेऊन ते उघडावेत. विजेच्या कामाशी मोठ्यांच्या देखरेखीवाचून कोणी खेळू नये. आणि एक मोठी वही ठेवावी : काय बिघडले होते, कसे दुरुस्त केले, कोणी केले. ही वही कुलपात ठेवू नये.

पुढील महोत्सवाच्या वेळी आपल्यापैकी पुष्कळ जण नसतील. त्या वेळी गुणपत्रिकांबरोबर ती वहीही कोणी उघडून पाहिली, तर ही स्मरणिका सार्थकी लागली असे आम्ही समजू.