ओढा, येझदी आणि पोचपावती

मोटारसायकल चिखलात आडवी झाली की कोण आधी हसतो, त्यावरून मित्र ओळखावा, असं आमचा मिस्त्री म्हणायचा. जो आधी हसतो आणि मग हात देतो, तो मित्र. जो न हसता धावत येऊन हात देतो, तो बहुधा उधारी मागायला आलेला असतो. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठीवर झोपून गेलं. त्यामुळे माणसांकडे खालून बघायची त्याला सवय होती आणि त्याचे अंदाज सहसा चुकत नसत.

हल्ली ज्याला 'ऑफ-रोडिंग' म्हणतात, ते आम्ही ऐंशीच्या दशकात भरपूर केलं. फक्त त्याला नाव आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. रस्ताच नव्हता, तर रस्ता सोडून जाणार कुठून? १९८६ साली माझी बदली पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडच्या एका शाखेत झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशीसाठी, शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज द्यायचं आणि मग ती म्हैस खरोखर गोठ्यात उभी आहे का, तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे का, हे जाऊन बघायचं. गोठे असायचे डोंगराच्या कुशीत. एस.टी. जिथे संपे तिथून पुढे बैलगाडीची चाकोरी, ती संपली की पायवाट. मी कर्ज काढून जुनी येझदी २५० घेतली. कर्ज देणाऱ्यानं कर्जात राहावं, म्हणजे त्याला जाणीव राहते, असं आमचे जुने मॅनेजर म्हणत.

तपासणीच्या निमित्तानं जी चौकडी जमली ती अशी. पहिला मी. दुसरे गुरांचे डॉक्टर, सरकारी दवाखान्यातले. त्यांच्याकडे राजदूत होती आणि तिच्या डिकीत इंजेक्शनं, पाने आणि चिवडा एकत्र नांदत. तिसरा मिस्त्री, त्याची गाडीही राजदूत, पण तिच्यात इतर किती गाड्यांचे अवयव होते, ते त्यालाच ठाऊक. चौथा मास्तर, हायस्कुलात इतिहास शिकवणारा. त्याच्याकडे गाडी नव्हती. तो माझ्या मागे बसायचा आणि वाटेत दिसेल त्या खिंडीचा इतिहास माझ्या कानात ओरडून सांगायचा.

मिस्त्रीनं आम्हाला गाडी चालवायला नव्यानं शिकवलं. आम्हाला वाटत होतं, येते. तो म्हणाला, डांबरावर येते. मातीवर तुम्ही अजून बिगारीत आहात. खडकाळ वाटेवर सीटवर बसायचं नाही, फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे, म्हणजे धक्के पाय खातात, कंबर खात नाही. खड्ड्याकडे बघायचं नाही. गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे रबर जमिनीला धरतं. पावसात शेतातून जायचं असेल तर पुढचं मडगार्ड घरीच काढून ठेवायचं, नाहीतर चिखल त्यात गच्च बसतो, चाक फिरायचंच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. आमच्या टू-स्ट्रोक गाड्यांचं आणखी एक दुखणं. त्यांचं ऑईल पेट्रोलमध्येच कालवलेलं; लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून घरंगळत गेलं तर इंजिनाला ऑईलच मिळत नाही. म्हणून उतरतानाही मधूनमधून मूठ पिळायची.

आणि शेवटचा धडा, जो तो दर पावसाळ्यात पुन्हा सांगे : पाणी आधी पायानं ओलांडायचं, मग चाकानं. दगड कुठला हलतो, शेवाळ कुठं आहे, धार कुठं ओढते, हे पायाला कळतं. गाडीला कळतं ते पडल्यावर.

आमची पडझड पुष्कळ झाली. डॉक्टरांची चेन माळरानावर तुटली आणि लॉक कुणाकडेच नव्हतं. आम्ही राजदूत दोरानं बांधून ओढली. मी एकदा वळण समजून थेट भाताच्या खाचरात शिरलो आणि गुडघाभर चिखलात येझदीसह उभा राहिलो. लावणी करणाऱ्या बायकांनी रोपं बाजूला ठेवून मनसोक्त हसून घेतलं. मिस्त्रीच्या व्याख्येप्रमाणे त्या मैत्रिणीच म्हणायच्या, कारण नंतर गाडी त्यांनीच बाहेर काढली. मोडलेल्या बांधाचे पैसे मात्र मी दिले नाहीत. ते द्यायला हवेत, हे तेव्हा सुचलंही नाही.

पण सांगायची गोष्ट वेगळी आहे.

१९८८ च्या जुलैतला रविवार. वेल्ह्याच्या पलीकडे, केळदजवळ, मढे घाटाच्या माथ्यावरचा धबधबा बघायला जायचं मास्तरानं ठरवलं. हा घाट केळदहून खाली कोकणात उतरतो. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची पालखी याच वाटेनं उमरठला गेली, असं परंपरा सांगते. मास्तराला ती वाट भर पावसात बघायची होती. त्या बाजूच्या एका वाडीत माझा एक थकीत कर्जदार राहत होता. म्हशीचं कर्ज, दोन वर्षं हप्ता नाही, आणि मागच्या तपासणीत म्हैस जागेवर नाही. मी त्याच्या नावची नोटीस बॅगेत टाकली. त्यात कर्तव्य थोडं आणि हिशेब जास्त होता : नोटीस बजावली की रविवारच्या सहलीचं पेट्रोल बँकेच्या खात्यावर टाकता येणार होतं.

वाडीच्या अलीकडे एक ओढा आहे. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण गढूळ, तळ न दिसणारं. डॉक्टर आणि मिस्त्री मागे राहिले होते. मास्तर म्हणाला, "उतरू का? बघून येतो." मी म्हणालो, "बस रे, एवढ्याशा पाण्याला काय बघायचं!" पहिल्या गिअरमध्ये मी पाण्यात शिरलो. मध्यावर पुढचं चाक शेवाळलेल्या दगडावरून सटकलं. मी एका बाजूला फेकलो गेलो आणि येझदी मास्तराच्या पायावर पडली. पाण्याच्या आवाजातही हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मास्तर ओरडला नाही. "मोडला," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मिस्त्री आणि डॉक्टर आले, वाडीतली माणसं आली. मास्तराला उचलून सगळ्यात जवळच्या घरात नेलं. डॉक्टरांनी बांबूच्या कामट्या आणि माझ्या धोतराच्या पट्ट्या घेऊन पाय बांधला. "आजवर बैलांचेच बांधलेत," ते पुटपुटले. मास्तर म्हणाला, "मग तर उत्तमच बांधाल." बाहेर पाऊस कोसळत होता. घरच्या बाईनं चहा ठेवला आणि माझ्या भिजलेल्या बॅगेतले कागद चुलीभोवती वाळत मांडले. तिचा मुलगा असेल आठ-नऊ वर्षांचा. कागद दिसले म्हणून तो अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचू लागला. तिसऱ्या कागदावर त्यानं एक नाव वाचलं, थांबला आणि बापाकडे बघायला लागला.

ते घर माझ्या थकबाकीदाराचं होतं.

त्यानं मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घोंगडी शोधायला उठला. दोन बांबू आणि घोंगडी मिळून डोली झाली. चार माणसांनी ती उचलली. पुढच्या दोघांत तो होता. "सायेब, तुमी गाडी घिऊन या म्होरं," तो म्हणाला. "गुरुजींना आमी आनतो."

इकडे मिस्त्रीनं येझदी बाहेर काढली होती. पाणी प्यालेल्या इंजिनाला किक मारायची नसते. त्यानं प्लग काढला, गाडी मागच्या चाकावर उभी करून दोन्ही सायलेन्सर रिकामे केले, मग प्लगशिवाय किक मारत राहिला. प्लगच्या भोकातून पाण्याचं कारंजं उडालं. कार्बोरेटरमधलं पाणी सोडलं, प्लग सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसला आणि चौथ्या किकेला ती धूर ओकत सुरू झाली. क्लचची मूठ पडताना मोडली होती. पण येझदीची एक खुबी होती : किकचा दांडा तोच गिअरचा दांडा, आणि तो पायानं दाबला की क्लच आपोआप सुटायचा. त्यामुळे मूठ नसतानाही घरी पोचता येई. मैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला, २०२२ मध्ये ते नाव नव्या गाड्यांवर परत आलं. पण गिअर आणि किकचा तो एकत्र दांडा आठवला की मला अजूनही ती संध्याकाळ आठवते.

डोली तीन तास चालली. मी मागून पहिल्या गिअरमध्ये, पावलाच्या वेगानं. खांदे बदलत होते. तो मात्र एकदाच बदलून पुन्हा आला. मास्तर डोलीतून म्हणाला, "तानाजीची पालखी इकडून खाली गेली, माझी उलटी वर चाललीय. इतिहासाच्या मास्तराला एवढं पुरे." वाटेत डॉक्टर माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "याची म्हैस मागच्या पावसाळ्यात कड्यावरून गेली. हा माझ्याकडे आला होता. कानातला बिल्ला सापडला नाही, म्हणून मी दाखला दिला नाही. नियम तसा आहे." दाखला नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून माझ्या बॅगेत नोटीस. साखळीतली प्रत्येक कडी नियमानं घट्ट होती.

डांबरी रस्त्यावर एक टेंपो मिळाला. मास्तराला आत ठेवल्यावर तो माझ्याकडे आला. घोंगडी पिळत म्हणाला, "सायेब, त्यो कागुद वाळला आसंल. द्या, घेतो."

मी तो दिला. आणि स्टॅम्पपॅड काढून दुसऱ्या प्रतीवर त्याचा अंगठाही घेतला. पोच असल्याशिवाय नोटीस बजावली असं धरत नाहीत. आजवर अनेकांनी मला विचारलं की कथा-कादंबऱ्यांकडे तुम्ही कसे वळलात. मी काहीतरी सभ्य उत्तर देतो. खरं उत्तर त्या निळ्या अंगठ्याशी कुठेतरी आहे.

१९९० साली कृषी व ग्रामीण कर्जमाफीची योजना आली. दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ, पण हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्याला नाही. शेरा शाखेनं द्यायचा होता. त्याच्या नावापुढे मी लिहिलं : 'जनावर अपघातात मृत. कर्जदार हेतुपुरस्सर थकबाकीदार नाही.' हे उपकार नव्हते. जे दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं, ते उशिरा लिहिलं, इतकंच. तेव्हाचं पेट्रोलचं बिल मात्र मी सादर केलं नाही. चार-पाच दशकांच्या नोकरदार आयुष्यात प्रायश्चित्तं अशीच किरकोळ रकमांची असतात.

मास्तराचा पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. त्यानं मला कधीही एका शब्दानं बोल लावला नाही. हसायचा मात्र. मी सायकल बाहेर काढली तरी विचारायचा, "पाणी आहे का रे वाटेत?"

आज रविवारी सकाळी पुण्याहून तरुणांचे ताफेच्या ताफे डोंगराकडे निघतात. खास मातीसाठी बनवलेल्या गाड्या, गोळेदार टायर, हेल्मेट, गुडघ्याला ढोपराला कवच. ते कवच बघून मला बरं वाटतं. आमच्या डोक्याला उपरणं असायचं, आणि आमची डोकी राहिली हे कौशल्य नव्हे, नशीब. २०१५ साली मोटारसायकलवर डकार रॅलीत उतरलेले पहिले भारतीय सी. एस. संतोष २०२१ च्या रॅलीत पडून गंभीर जखमी झाले होते. जो पट्टीचा आहे तोही पडतो. पडण्यात कमीपणा नाही.

मला काळजी वाटते ती दुसरीच. त्यांच्या तोंडी 'ट्रेल' हा शब्द असतो. ट्रेल म्हणजे काय? कुणाची तरी शाळेची वाट, कुणाचा बांध, कुणाच्या गुरांचं कुरण. पावसाळ्यात सड्यावरच्या गवतातून पाच गाड्या गेल्या की त्यांच्या चाकोऱ्यांतून पाणी धावतं आणि मुळात पातळ असलेली माती घेऊन जातं. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. मुलं वाईट नाहीत. खाचरात गाडी घालून बांधाचे पैसे न देणारा मी तरी कुठे वाईट होतो? फक्त ती जमीन कुणाची आहे हे विचारायचं राहून गेलं होतं.

मिस्त्री आता नाही. डॉक्टर मुलाकडे परदेशी असतात. मागच्या पावसाळ्यात मी आणि मास्तर पुन्हा केळदला गेलो, पण डांबरी रस्त्यानं, माझ्या शंभर सी.सी.च्या गाडीवर. सुट्टीच्या दिवशी तिथे आता पर्यटकांची झुंबड असते. एका छपरीत पिठलं-भाकरी मिळत होती. जेवताना मास्तरानं मालकाला सहज वाडी विचारली, वडिलांचं नाव विचारलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाळिशी ओलांडलेला तो माणूस मास्तराच्या पायाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पाय बरा हाय न्हवं?"

माझ्याकडे वळून तो काही बोलला नाही. पैसे मोजून घेतले, सुटे परत केले. मग गल्ल्यातलं पुस्तक पुढे ओढून विचारलं, "पावती देऊ का, सायेब?"

मी नको म्हणालो.

"घे रे," मास्तर म्हणाला, "जपून ठेव."