चित्त थाऱ्यावर का राहत नाही?

संध्याकाळी सात वाजता तुम्ही भूमितीचे पुस्तक उघडून बसता. प्रमेयाची पहिली ओळ वाचता. तेवढ्यात पेन्सिलीला टोक नाही असे ध्यानात येते. शार्पनर शोधायला कप्पा उघडता, तर त्यात जुनी तिकिटांची वही सापडते. ती चाळत असताना स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो, शेजारी ठेवलेला मोबाईल वाजतो. घड्याळात पाहावे तो आठ वाजलेले! प्रमेय मात्र पहिल्याच ओळीवर.

असे अधूनमधून आपणा सर्वांचेच होते. पण काही मुलामुलींचे ते रोज होते. घरी होते, शाळेत होते, मैदानावरही होते. तुमच्या वर्गातला तो शेवटच्या बाकावरचा मुलगा आठवा. डबा विसरतो, वही हरवतो, प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होतो. त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा ठरलेला : "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." पुढे त्याला 'वेंधळा', 'आळशी' अशी विशेषणे चिकटतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे काही वर्षांनी तो स्वतःही ती खरी मानू लागतो.

हा दोष खरोखर त्याच्या इच्छाशक्तीचा आहे काय? विज्ञान काय सांगते ते पाहू.

एक सोपा प्रयोग

कागद, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. मित्राला वेळ मोजायला सांगा. प्रथम १ ते १० अंक सरळ लिहा आणि त्यापुढे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दहा स्वर लिहा. किती सेकंद लागले ते टिपून ठेवा. आता दुसऱ्या ओळीत एक अंक, एक स्वर असे आळीपाळीने लिहा : १ अ, २ आ, ३ इ... दोन्ही वेळा तुम्ही तेच अंक आणि तेच स्वर लिहिलेत. तरी दुसऱ्या खेपेस वेळ जास्त लागेल, कदाचित चुकाही होतील.

असे का व्हावे? अंकांचा क्रम बाजूला ठेवून स्वरांचा क्रम उचलायचा, पुन्हा तो ठेवून अंकांकडे यायचे, या प्रत्येक फेरीला मेंदूला थोडा वेळ खर्च करावा लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ साली अशाच प्रकारच्या प्रयोगांतून ही गोष्ट दाखवून दिली. म्हणजे पुस्तक आणि मोबाईल दोन्ही समोर ठेवून अभ्यास करणारा दोन कामे एकदम करत नसतो. तो दोघांमध्ये नुसत्या येरझारा घालतो आणि प्रत्येक येरझारेला टोल भरतो!

मेंदूतला कंडक्टर

आपल्या कपाळामागे मेंदूचा जो अगदी पुढचा भाग आहे, तो एस.टी.च्या कंडक्टरसारखा समजा. गाडीत प्रवासी अनेक : बाहेरचे आवाज, पोटातली भूक, उद्याची सहल, कालचा सामना. प्रत्येक जण म्हणतो, "मला इथेच उतरायचंय!" कंडक्टर ठरवतो कुठे थांबायचे आणि कुठे नाही. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. नको त्या विचाराला गप्प बसवणे, पुढचे काम ध्यानात ठेवणे, तोंडावर आलेले उत्तर क्षणभर रोखणे ही सारी या भागाची कामे. ती नीट चालावीत म्हणून डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रासायनिक दूतांची गरज असते.

काही मुलांमध्ये मेंदूच्या या यंत्रणेचे काम इतरांपेक्षा वेगळ्या रीतीने चालते. थांबायची घंटी उशिरा वाजते, आणि प्रत्येक प्रवासी गाडी थांबवून घेतो. या अवस्थेला अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार, किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ए.डी.एच.डी. असे म्हणतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसून आले आहे, की यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. लाड केल्याने किंवा मार न दिल्याने तो होत नाही.

२००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूंच्या चुंबकीय प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी बालपणी वाढत जाते आणि मग कमी होऊ लागते. सर्वसाधारण मुलांत हा टप्पा सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास येतो, तर या मुलांत साडेदहाच्या सुमारास, असे त्यांना आढळले. मार्ग तोच, पण गाडी तीन वर्षे उशिरा! अर्थात, मोठेपणी सगळ्यांचाच त्रास जातो असे नाही. पुष्कळ जणांत तो कमीअधिक प्रमाणात राहतो.

नाव नवे, गोष्ट जुनी

तुम्ही म्हणाल, हे मोबाईलच्या जमान्यातले खूळ असेल. तसे नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली अशा माणसांचे वर्णन लिहून ठेवले आहे. कुत्र्याचे भुंकणे किंवा टेबल सरकवणे एवढ्यानेही त्यांचे लक्ष उडे. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. मात्र त्यांनी याला नैतिक संयमातला दोष मानले. ती समजूत पुढे मागे पडली.

१९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड येथे डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी तीस मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिले, आणि सुमारे निम्म्या मुलांची शाळेतली प्रगती पाहून ते थक्क झाले. मुले तर त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली! उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होईल? आपला कंडक्टर आठवा. औषधाने तो जागा झाला, की प्रवासी आपोआप गप्प बसतात. पण लक्षात ठेवा, अशी औषधे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. मित्राची गोळी मागून घेणे धोक्याचे आहे.

जगभर सुमारे पाच टक्के मुलांत हा विकार आढळतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण तीन. यात मुलीही असतात, पण त्या पुष्कळदा दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसतात, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच येत नाहीत.

मात्र हा लेख वाचून स्वतःलाच नाव चिकटवू नका. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. अपुरी झोप, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी किंवा घरची काळजी यांनीही लक्ष लागत नाही. निदान तज्ज्ञ डॉक्टरच करू शकतात.

मग करायचे काय?

कंडक्टर थकत असेल, तर प्रवाशांची संख्या कमी करावी, हे उत्तम! अभ्यासाला बसताना मोबाईल दुसऱ्या खोलीत आईजवळ द्या. पाणी, पेन्सिल, शार्पनर आधीच घेऊन बसा. समोर एकच पुस्तक ठेवा.

कामाचे लहान तुकडे करा. 'भूमिती करायची' असे न ठरवता 'तिसऱ्या प्रमेयाची आकृती काढायची' असे ठरवा. लहान काम सुरू करणे सोपे जाते.

घड्याळाला कामाला लावा. १९८० नंतरच्या दशकात फ्रान्सिस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या गजराच्या घड्याळाने स्वतःला शिस्त लावली : २५ मिनिटे काम, मग ५ मिनिटे विश्रांती. तुम्हाला २५ जड वाटली, तर दहापासून सुरुवात करा.

शेजारी एक कोरा कागद ठेवा. मध्येच 'सायकलची हवा भरायची आहे' असे आठवले, तर उठू नका, ते कागदावर लिहा. विचाराला जागा मिळाली, की तो दार ठोठावणे थांबवतो. आणि रोज खेळा, पुरेसे झोपा. व्यायाम आणि झोप यांचा अवधानाशी जवळचा संबंध आहे.

शिक्षकांसाठीही दोन शब्द. अशा विद्यार्थ्याला खिडकी-दारापासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती फळ्यावरही लिहावी. वह्या वाटण्याचे काम त्याला दिले, तर हातापायांना वाट मिळते. काम पुरे होताच त्याच क्षणी शाबासकी द्यावी. वर्षअखेरचे बक्षीस त्याला फार लांबचे वाटते.

एखाद्याला फळ्यावरचे दिसत नसले, तर आपण त्याला "जरा जोर लावून पाहा" असे म्हणत नाही, चष्मा देतो. वर सांगितलेल्या युक्त्या म्हणजे अवधानाचा चष्माच. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या त्या मित्राची वही उद्या पुन्हा हरवली, तर हसू नका. ती शोधायला त्याला मदत करा आणि आजचा अंक-स्वरांचा प्रयोग त्याच्यासोबत करून पाहा. टोल तुम्हालाही भरावा लागतो. त्याला जरा अधिक, एवढेच.