फौजीच्या पोरांची फी कोण भरतं?

बारावीचा निकाल लागला की सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या भागांतल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘आम्ही फौजी, आमच्या पोरांना फी माफ असते ना?’ हल्ली यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. अमेरिकेत लष्करातून बाहेर पडलेल्याला सरकार कॉलेजात शिकवतं, हे त्यात दाखवतात आणि ते खरंही आहे. दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, २२ जून १९४४ला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तशा कायद्यावर सही केली, आणि लाखो सैनिक गणवेश उतरवून वर्गात जाऊन बसले. आपल्याकडची रचना वेगळी आहे. इथं बहुतेक पैसा सैनिकाच्या नव्हे, त्याच्या मुलांच्या आणि पत्नीच्या शिक्षणासाठी ठेवलेला आहे. तोसुद्धा सरसकट मिळत नाही. नोकरी कोणत्या दलात केली, तिथून बाहेर कसे पडलात, हुद्दा काय होता आणि मूल कितवं, यावर सगळं ठरतं.

‘वर्दी घातली म्हणजे माजी सैनिक’ हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवू. सरकारी नियमांत माजी सैनिक कोण, याची व्याख्या ठरलेली आहे आणि ती सेवेतून सुटण्याच्या तारखेप्रमाणे बदलते. अलीकडे सुटलेल्यांपुरतं सांगायचं तर जो निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडला, ज्याला सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी घरी यावं लागलं, किंवा ज्याला मनुष्यबळ कपातीत कमी केलं, तो माजी सैनिक. शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारी ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटीसह आला तरी तो माजी सैनिकच. मात्र जवानाने पंधरा वर्षं भरण्याआधी स्वतःहून अर्ज करून नाव कापून घेतलं, तर सहसा तो या व्याख्येत बसत नाही. गावात त्याला आयुष्यभर ‘मेजर’ म्हणतील, पण शिष्यवृत्तीच्या अर्जावर ते चालत नाही.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी यांचे निवृत्त जवान इथं हटकून अडकतात. ही दलं गृह मंत्रालयाची, संरक्षण मंत्रालयाची नव्हेत. २०१२मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी वेगळी ओळख ठरवली, पण तिच्यामुळे ते माजी सैनिकांसाठीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजनांना पात्र होत नाहीत. म्हणून त्यांच्या मुलांनी नाउमेद होऊ नये. माजी सैनिकांच्या मुलांसाठी जी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, त्याच नावाची एक गृह मंत्रालयाकडून स्वतंत्रपणे चालते आणि रेल्वे सुरक्षा दलासाठी रेल्वेकडे आणखी एक आहे. चुकीच्या खिडकीत अर्ज टाकून तो परत आला म्हणजे योजनाच नाही, असं होत नाही.

राखीव सैनिकांचं काय? आपल्याकडे त्याचा सर्वांत जवळचा नमुना म्हणजे प्रादेशिक सेना, म्हणजेच टीए. १९४९पासून ती आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीची १०९वी टीए बटालियन कोल्हापुरात आहे. स्वतःची नोकरी किंवा शेती सांभाळून वर्षातला काही काळ वर्दीत, ही टीएची मूळ कल्पना. एवढ्यावर मुलांना माजी सैनिकाच्या सवलती लागू होत नाहीत. सलग प्रत्यक्ष सेवेचं निवृत्तिवेतन मिळत असेल, सेवेमुळे अपंगत्व आलं असेल, किंवा शौर्यपदक मिळालं असेल, तरच टीएचा माणूस माजी सैनिक ठरतो. पूर्वी सैन्यात काही वर्षं प्रत्यक्ष सेवा आणि उरलेली राखीव यादीत, अशी भरती होत असे. त्यातले जे ‘रिझर्व्हिस्ट पेन्शन’ घेतात, त्यांचा प्रश्न नाही.

आता अग्निवीर. पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, म्हणजे २०२६ संपता संपता मुलं घरी येऊ लागणार. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, हे योजनेच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं आहे. सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी त्याला मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. साहजिकच पुढे त्याच्या मुलांना माजी सैनिकांच्या शिष्यवृत्त्याही नाहीत. ज्यांना पुढे कायम केलं जाईल, जास्तीत जास्त पंचवीस टक्के, त्यांची गोष्ट वेगळी. पण शिक्षणाच्या बाबतीत अग्निवीराला एक गोष्ट अशी मिळाली आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. दहावीवर भरती झालेल्याला राष्ट्रीय मुक्त शाळेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, बारावीच्या प्रमाणपत्राची सोय आहे. त्यापुढे इग्नूची खास पदवी आहे. तिचे निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातूनच धरले जातात. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी गावात परतताना हातात पदवी असावी असं वाटत असेल, तर नावनोंदणी सेवेत असतानाच व्हायला हवी. भरती अकादम्यांच्या फलकांवर धावण्याचं वेळापत्रक असतं, याची जाहिरात कुठे दिसत नाही.

मुलांसाठीची एक मोठी योजना म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती. ती २००६-०७ला सुरू झाली आणि तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. मुलींना महिन्याला ३,००० रुपये आणि मुलांना २,५००, हे दर २०१९चे. वर्षाचे ३६,००० आणि ३०,००० होतात. खासगी अभियांत्रिकी कॉलेजच्या फीपुढे ही रक्कम केवढी, हे पालकांना सांगायला नको. तरी वसतिगृह आणि मेस सुटते.

या योजनेबद्दल तीन गैरसमज फार ऐकू येतात. पहिला, ‘साठ टक्के मिळाले की शिष्यवृत्ती पक्की.’ बारावीला किंवा पदविकेला साठ टक्के ही फक्त अर्ज करण्याची अट आहे. देशभरात वर्षाला ५,५०० जागा, निम्म्या मुलींच्या. युद्धात किंवा सेवेमुळे मृत्यू वा अपंगत्व आलेल्यांच्या आणि शौर्यपदकविजेत्यांच्या मुलांना आधी, उरलेल्या जागा बाकीच्यांत गुणांवर. दुसरा, ‘पुढच्या वर्षी भरू.’ इथं खरं नुकसान होतं. अर्ज अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातच करायचा असतो. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्यांना सूट आहे, इतरांना दुसऱ्या वर्षी दार बंद. तिसरा, ‘कुठल्याही पदवीला चालते.’ चालत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाची पहिली पदवी हवी : अभियांत्रिकी, वैद्यकीय, बी.एड., बी.फार्म. अशी. पदव्युत्तरमध्ये एमबीए आणि एमसीए वगळता बाकी नाही, दूरशिक्षण नाही, परदेशातलं कॉलेज नाही. साधा बी.ए. करणाऱ्या मुलीला इथं काही नाही. बी.ए. करणारी मुलगी अनेकदा सर्वांत गरजू घरातली असते, आणि ही अट मला खटकते.

तिच्यासाठी दुसरी वाट आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या, अथवा त्याच्या विधवेच्या, दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत अनुदान मिळतं. वर्षानुवर्षं ते महिन्याला १,००० रुपये होतं, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना २,००० झालं. हा पैसा ध्वजदिन निधीचा आहे. ७ डिसेंबरला शाळाशाळांतून ज्या चिकट तिकिटांचे पैसे गोळा होतात, त्या निधीचा. मागच्या इयत्तेला पन्नास टक्के पुरतात. पास झालेल्या इयत्तेचं अनुदान मिळतं आणि इयत्तेनुसार अर्जाच्या मुदती वेगळ्या असतात, त्यामुळे निकाल हाती आला की लगेच कार्यालय गाठावं. सुभेदाराच्या मुलाला मात्र हे नाही. ‘मोठा हुद्दा म्हणजे जास्त सवलत’ हे इथं उलटं आहे.

शिवाय विधवेने स्वतः दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला तरी याच निधीतून तिला मदत मिळते. पती गेल्यावर चाळिशीत एम.ए. करायला निघालेल्या बाईला ‘आता कशाला’ म्हणणारे भेटतात, पण ही सोय आहे म्हणून कुणी सांगत नाही.

शहीद, बेपत्ता किंवा कारवाईत कायमचे अपंग झालेल्यांच्या मुलांची सवलत पूर्ण वेगळी. १९७१च्या युद्धानंतर ती सुरू झाली. मान्यताप्राप्त संस्थेत पहिल्या पदवीपर्यंत शिकवणी शुल्काची पूर्ण भरपाई, वसतिगृहाचा खर्च, पुस्तकं, गणवेश. ‘त्यावर महिन्याला दहा हजारांची मर्यादा आहे’ असं अजूनही सांगितलं जातं. मर्यादा होती, जुलै २०१७पासून. गदारोळ झाला आणि मार्च २०१८मध्ये ती उठली. कुणी जुनं परिपत्रक दाखवून अडवलं तर ही तारीख सांगावी.

‘डिफेन्स कोट्यातून जागा मिळाली म्हणजे फी नाही.’ हाही घोळ. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत पाच टक्के जागा संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या माजी सैनिकाची मुलं, सेवेत असलेल्यांची मुलं आणि बदलीवर इथं आलेल्या परप्रांतीय जवानांची मुलं असे त्यात वेगवेगळे गट आहेत. सीईटी द्यावीच लागते. कोट्याने मिळतो तो प्रवेश, फीमाफी नव्हे. सैनिक शाळांचंही तसंच. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ला साताऱ्यात उघडली. सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव आहेत, पण प्रवेश परीक्षेतून सुटका नाही.

जवानाच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल एक समज फार खोल रुजला आहे : पंधरा वर्षं नोकरी केली की पदवी मिळते. दहावी पास जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पदवीसमान मानण्याचा केंद्राचा नियम आहे आणि तसं प्रमाणपत्रही मिळतं. ते गट ‘क’च्या नोकरीसाठी चालतं, तेही जिथं तांत्रिक पात्रता लागत नाही अशा पदांना. त्यावर एम.ए.ला किंवा एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. वकील व्हायचं म्हणून ते प्रमाणपत्र घेऊन लॉ कॉलेजात गेलात तर परत यावं लागेल. शिकायचंच असेल तर पुनर्वसन महासंचालनालयाचे, डीजीआरचे, अभ्यासक्रम पाहावेत. त्यांत अधिकाऱ्यांना फीचा काही वाटा स्वतः भरावा लागतो, जवान आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांचा (जेसीओंचा) खर्च सरकार करतं.

या सगळ्यात अर्ज फेटाळला जातो तो बहुधा पात्रतेअभावी नव्हे, नावाच्या घोळापायी. डिस्चार्ज बुकात मुलगी ‘सोनू’, शाळेच्या दाखल्यावर ‘सोनाली’. जन्मतारीख शाळेत एक, लष्करी नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, दुसरी. धाकट्याचा जन्म निवृत्तीनंतरचा, म्हणून त्याची नोंदच नाही. ही दुरुस्ती जिल्हा कार्यालयात होत नाही. ती रेकॉर्ड ऑफिसात होते : मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर. कागद तिथं जाऊन परत यायला महिने लागतात. मूल दहावीत असतानाच डिस्चार्ज बुक काढून प्रत्येक नाव आणि तारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहिली, तर बारावीच्या निकालापर्यंत हे काम उरकलेलं असतं.