हाकेतून हाक

16 मे 2021 रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे उन्मळून तारांवर कोसळली, वीज गेली आणि पाठोपाठ अनेक ठिकाणी मोबाईलही मुके झाले. वस्तुतः घरोघरी उत्तम बिनतारी यंत्र होते आणि ते काही तास तरी चालणारे होते. परंतु वरच्या वाड्यावरून खालच्या वाड्यावर 'आम्ही सुखरूप आहोत' एवढा निरोपही जाईना. याचे कारण असे की, मोबाईलला शेजारी ठाऊक नसतो, ठाऊक असतो तो केवळ मनोरा. मनोरा बंद पडला की सारेच पोरके.

याहून निराळी व्यवस्था संभवते काय? मोपासारख्या डोंगराळ गावी सड्यावरची हाक थेट ओहोळापर्यंत पोचत नाही. मधल्या कुळागरातील माणूस ती ऐकून पुढे हाक देतो. हेच काम यंत्रांनी करावे, अशी कल्पना जुनी आहे. 1971 साली हवाई बेटांवरील विद्यापीठाने संगणक बिनतारी लहरींनी जोडले. मात्र तेथे मधे एक केंद्र होते. पुढे त्याच दशकात अमेरिकेत एकमेकांचे निरोप पुढे नेणाऱ्या रेडिओ-यंत्रांचे प्रयोग झाले. या व्यवस्थेत मालक-चाकर नाहीत. प्रत्येक यंत्र बोलणारेही असते आणि निरोप्याही.

ही यंत्रे वाट कशी शोधतात? प्रत्येक यंत्र अधूनमधून 'मी येथे आहे' असे पुकारते. त्यावरून शेजारी कळतात. दूरच्या यंत्रास निरोप धाडावयाचा असेल, तर एका प्रचलित पद्धतीत आधी 'अमुक कोठे आहे?' अशी पृच्छा सोडतात. शेजारी ती आपल्या शेजाऱ्यांस सांगतात. पृच्छेवर क्रमांक असल्याने एकदा ऐकलेली पृच्छा कोणी पुन्हा पुढे धाडीत नाही. नाहीतर नुसता गलकाच होईल. पृच्छा योग्य स्थळी पोचली की उत्तर आल्या वाटेने माघारी येते आणि मधले प्रत्येक यंत्र 'यासाठी पुढचा शेजारी कोण' एवढेच टिपून ठेवते. संपूर्ण वाट कोणासच पाठ नसते! मधला एखादा दुवा तुटला, तर तशी वर्दी मागे जाते व नवी वाट शोधली जाते.

अडचणीही आहेत. सड्याच्या दोन अंगांस दोन वाडे आहेत व माथ्यावर एक यंत्र आहे, असे समजा. खालच्या दोघांस एकमेकांचे ऐकू येत नाही. दोघेही 'सर्व शांत आहे' असे समजून एकदम बोलतात आणि माथ्यावर दोन्ही निरोपांचा चुराडा होतो. यावर तोड अशी की, आधी 'बोलू का?' असे विचारावे. माथ्यावरून 'बोल' असे उत्तर येते. ते दुसऱ्या अंगासही ऐकू जाते व तो थांबतो.

दुसरी अडचण मात्र केवळ तांत्रिक नव्हे. परक्याचा निरोप पुढे नेताना आपली बॅटरी खर्ची पडते. एखाद्याने केवळ आपलेच निरोप धाडावयाचे आणि इतरांचे गिळावयाचे ठरविले, तर त्याचे यंत्र अधिक काळ चालेल. पण सर्वांनीच तसे केले तर कोणाचाच निरोप पोचणार नाही. शिवाय टप्पे वाढतील तसा वेगही मंदावतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा हौशी बिनतारी संदेशकांनी आपली यंत्रे नेऊन तेथील निरोप बाहेर पोचविले. आज त्याहून पुष्कळ लहान व स्वस्त यंत्रे मिळतात. आपल्या देशात 865 ते 868 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ठरविलेल्या मर्यादेतील अल्प शक्तीच्या यंत्रांस परवाना लागत नाही. त्यांवरून बोलणे होत नाही. चार ओळींचा मजकूर मात्र टप्प्याटप्प्याने दूरवर जातो. शाळा, देऊळ, पंचायत व सड्याचा माथा येथे अशी यंत्रे सौरपट्टीवर ठेवता येतील. पावसाळ्यापूर्वी घराची कौले जशी आपण चाळतो, तशी ही यंत्रेही कोणीतरी दरवर्षी तपासावी लागतील. ते काम कोणाचे, हे प्रत्येक गावाने आधी ठरविणे बरे. कारण येथे मनोऱ्याचा मालक नसतो, असतात ते शेजारी.