मुलाकडे गाडी नाही

आमच्या मांडवगण फराट्यासारख्या गावात उसाच्या पैशातून आधी ट्रॅक्टर येतो, मग मोटारसायकल, आणि दारात चारचाकी उभी राहिली की घराला पत येते. बँकेत असताना अशी कितीतरी वाहनकर्जे मी मंजूर केली. त्यामुळे सिंगापुरात राहणाऱ्या मुलाकडे गाडी नाही, हे गावात सांगताना आमची पंचाईत होते. ‘एवढा पगार, अन् बसने जातो?’

तेथे गाडीआधी ती बाळगण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. १९९० पासून सरकार त्याचा लिलाव करते. मुदत दहा वर्षांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीसाठीची बोली दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेली. गाडीची किंमत वेगळीच! दहा वर्षांनी शून्य होणाऱ्या या कागदावर मी तरी कर्ज दिले नसते.

मात्र या लिलावाआधी, १९८७ मध्येच, तेथे मेट्रो धावू लागली होती. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. स्थानकांत लिफ्ट आहेत. गुडघे धरलेली माझी पत्नी तेथे लिटल इंडियातून एकटी भाजी घेऊन येते. इकडे शिरूरला डॉक्टरकडे जायचे तर पुतण्याला सवड आहे का, हे तिला आदल्या दिवशी विचारावे लागते. पुतण्या नाही म्हणत नाही. पण विचारावे लागते.

सूनबाईंचे मत वेगळे आहे. कडेवर मूल, हातात पिशव्या आणि तिथला तो धो धो पाऊस, अशा वेळी मुलाचा हिशेब त्यांना पटत नाही.