कळतं, तरी वळत का नाही?

लोकांना नीट समजावून सांगितलं की ते शहाण्यासारखे वागतील, या एका समजुतीवर आपल्याकडची कितीतरी कामं उभी आहेत. गुंतवणूकदारांसाठीची जागृती शिबिरं, गडाच्या पायथ्याशी लावलेले कचऱ्याविषयीचे फलक, हॉटेलच्या न्हाणीघरातलं ‘पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’ हे कार्ड या सगळ्यांच्या मुळाशी तीच समजूत आहे. ग्राहक, पर्यटक आणि शेअर बाजारात पैसे लावणारा माणूस यांचा अभ्यास विद्यापीठांत वेगवेगळ्या विभागांत चालतो. त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले, तर ते मात्र एकाच जागी बोट ठेवतात. माहितीने मत बदलतं. वागणं बदलायचं तर भोवतालची व्यवस्था बदलावी लागते. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण उलट समज धरून बसल्याची किंमत आज अनेक घरं मोजत आहेत.

गैरसमज : एफ अँड ओमध्ये लोक बुडतात, कारण त्यांना धोका माहीत नसतो.

वस्तुस्थिती : शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जानेवारी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ या वर्षात फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (एफ अँड ओ, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेले सौदे) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ८९ टक्के तोट्यात गेले होते. मग नियम आला, आणि जुलै २०२३ पासून प्रत्येक ब्रोकरने लॉगिन करतानाच ग्राहकाला ‘दहापैकी नऊ जण तोट्यात जातात’ ही सूचना दाखवायला सुरुवात केली. याहून स्पष्ट इशारा कोणता देणार? तरी २०२१-२२ मध्ये सुमारे ५१ लाख असलेली ट्रेडरची संख्या २०२३-२४ मध्ये सुमारे ९६ लाखांवर गेली. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा एक कोटीहून अधिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. सलग दोन वर्षं तोटा सोसलेल्यांतले तीन चतुर्थांशाहून अधिक जण तिसऱ्या वर्षीही खेळत राहिले.

हे लोक कोण? तीन चतुर्थांश जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं नोंदवलं होतं. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. राज्यवार पाहिलं तर महाराष्ट्र सगळ्यांच्या पुढे होता. आकडे कोरडे दिसतात, पण त्यांच्यामागे पहिल्या नोकरीचा पगार आहे, आईची मोडलेली एफडी आहे, मित्राकडून उसने घेतलेले पैसे आहेत. या मुलांना आपण अडाणी म्हणतो हे मला फार खटकतं. सूचना त्यांनी वाचलेली असते. बुडणारे नऊ जण दुसरे आणि दहावा मी, असं प्रत्येकाला वाटत असतं. हा अतिविश्वास माहितीने जात नाही, उलट थोडी माहिती हाती आली की तो वाढतो.

समोर कोण बसलंय तेही पाहा. २०२३-२४ मध्ये, खर्च धरण्याआधीच्या हिशेबात, वैयक्तिक ट्रेडरनी सुमारे ६१,००० कोटी गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या खात्यावर व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी मिळवले. त्यांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला. तालुक्याच्या गावी मोबाइलवर चार्ट पाहणाऱ्याला आणखी दोन वर्कशॉपना पाठवून ही दरी भरणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने नियमांनाच हात घातला. लॉटची, म्हणजे एका सौद्याची, किमान किंमत पाच-दहा लाखांवरून पंधरा लाखांवर नेली आणि साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे दर आठवड्याला संपणारे सौदे, प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात ट्रेडरची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी झाली. त्या काळात बाजार पडलाही होता, त्यामुळे सगळं श्रेय नियमांना देता येत नाही. शिवाय २०२४-२५ या पूर्ण वर्षाचा निव्वळ तोटा ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेला. दुखणं संपलेलं नाही. तरी लॉगिनच्या पडद्यावर सूचना असताना जी संख्या वाढतच राहिली, ती व्यवहाराचा आकार बदलल्यावर खाली आली, एवढं नक्की दिसतं.

गैरसमज : सुरुवातीला फटके बसतात, मग हात बसतो.

वस्तुस्थिती : ब्राझीलमधल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१३ ते २०१५ दरम्यान फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग सुरू केलेल्यांचा माग काढला. त्यातले जे तीनशेहून अधिक दिवस टिकले, त्यांच्यातले ९७ टक्के तोट्यात होते. देशातल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे जेमतेम एक टक्का निघाले. सराव भरपूर झाला होता, पण सरावाने विद्या यायला प्रत्येक चुकीचं कारण स्पष्ट दिसावं लागतं. बाजारात चुकीच्या निर्णयालाही अधूनमधून नफा होतो आणि माणूस त्या नफ्यातूनच धडा घेतो.

जास्त खरेदी-विक्री महागात पडते, या निष्कर्षाचा शास्त्रीय पाया ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोघांनी घातला. १९९१ ते १९९६ या काळातल्या अमेरिकेतल्या ६६,४६५ कुटुंबांची खाती त्यांनी तपासली. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला, तर बाजाराने त्याच काळात १७.९ टक्के दिला होता. फरक मुख्यतः व्यवहाराच्या खर्चात गेला. आपल्याकडेही सेबीच्या त्या तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडरनी फक्त ब्रोकरेज, शुल्क आणि करांपोटी सुमारे ५०,००० कोटी भरले.

याच दोघांचा २००१ सालचा दुसरा अभ्यास एका घरगुती समजुतीला छेद देतो. पैशाच्या बाबतीत पुरुष हिशेबी आणि बायका भावनेच्या भरात वागणाऱ्या, असं आजही सर्रास बोललं जातं. पस्तीस हजारांहून अधिक कुटुंबांच्या खात्यांत पुरुषांनी बायकांपेक्षा ४५ टक्के अधिक व्यवहार केले आणि त्यापायी स्वतःच्या परताव्यातला जास्त हिस्सा गमावला. बायकांनी शेअर निवडण्यात वेगळी करामत केली नव्हती. त्या उगाच चाळवाचाळव करत नव्हत्या, इतकंच.

गैरसमज : विकला नाही तोवर तोटा नाही.

वस्तुस्थिती : हे वाक्य दलाल स्ट्रीटवर जितकं ऐकू येतं तितकंच सोसायटीच्या कट्ट्यावरही. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीचं वर्णन केलं, आणि १९९८ मध्ये ओडीनने ती दहा हजार खात्यांत मोजली. लोक नफ्यातला शेअर चटकन विकतात आणि तोट्यातला धरून ठेवतात. धरून ठेवलेला वर येईलच, हा त्यामागचा हिशेब. पुढच्या वर्षभरात, विकून टाकलेले नफ्यातले शेअर धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले. आपली निवड चुकली हे मान्य करण्याचं दुःख टाळायला माणूस इतकी किंमत मोजतो.

गैरसमज : पर्यटक जागरूक झाला की पर्यटन शाश्वत होईल.

वस्तुस्थिती : एमिल युवान आणि सारा डोल्निचार यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यावरणासाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्त्यांशीच बोलून पाहिलं. ही माणसं सुट्टीवर कशी वागतात? बरेच जण लांबचे विमानप्रवास करत होते, आणि त्याचं नुकसान त्यांना ठाऊकही होतं. मग खुलासे येत होते : यापेक्षा वाईट करणारे आहेत, घरी मी पुष्कळ करतो, वर्षातून एकदाच तर जातो. ज्याला सगळं माहीत आहे त्याचीच ही कथा, तर वर्षभर राबून चार दिवस मोकळा झालेला सामान्य माणूस फलक वाचून बदलेल ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

टॉवेलच्या कार्डावर तर चांगलं संशोधन झालंय. अमेरिकेतल्या एका हॉटेलात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पर्यावरणाचं आवाहन वाचून ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘इथे राहणारे बहुतेक पाहुणे तसं करतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. नंतर जर्मनीतल्या हॉटेलांत तसाच प्रयोग झाला, तेव्हा हा फरक दिसला नाही. शब्दांचा परिणाम देशागणिक असा बदलू शकतो.

जेवणाच्या टेबलावर मात्र दाखले भक्कम आहेत. नॉर्वेतल्या हॉटेलांत बुफेची ताटली लहान केली आणि वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटलं. काही हॉटेलांत ताटल्या त्याच ठेवून पाटी लावली, ‘पुन्हा पुन्हा या, हवं तितक्या वेळा घ्या’, आणि तिथेही घट तेवढीच आली. परत उठून घ्यायचा संकोच त्या पाटीने काढून टाकला. ‘अजून थोडं वाढू का?’ असं आपल्या पंगतीत विचारतात, त्यात हेच शहाणपण आहे. पहिल्याच खेपेला पान भरून टाकायचं कारण उरत नाही. स्लोव्हेनियातल्या एका हॉटेलात मुलांना वही दिली. कुटुंबाने ताटात काही टाकलं नाही की त्या दिवसाचा शिक्का, वही भरली की छोटं बक्षीस. वाया जाणारं अन्न ३४ टक्क्यांनी कमी झालं. मला यातलं सर्वांत आवडतं ते हे की पाहुण्यांची सुट्टी बिघडली नाही, उलट मुलांना खेळ मिळाला.

आपल्या मातीतही पुरावे आहेत. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, म्हणून माथेरान आजही माथेरान आहे. तिथे येणारा पर्यटक लोणावळ्याला जाणाऱ्यापेक्षा जास्त सुसंस्कृत असतो असं नाही. कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्या बातमीनेच गर्दी वाढवली. फुलांना आधार मिळाला तो दिवसाला ३,००० पर्यटकांच्या मर्यादेचा आणि आधी नोंदणी करण्याच्या नियमाचा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची अंडी पूर्वी लुटली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये तिथे संरक्षणाचं काम हाती घेतलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत राहू-जेवू लागले, आणि पिल्लू जिवंत समुद्रात जाण्यात गावाच्या चुलीचाही हिस्सा आला. भाषणं झालीच असतील, पण घरात येणाऱ्या पैशाशिवाय ती किती पुरली असती?

शाश्वत पर्यटन म्हणजे तिथे गेल्यावर कचरा न करणं, हा त्याच्याच शेजारचा समज. १६० देशांची आकडेवारी घेऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के होता, आणि त्यात प्रवासाचा भाग मोठा. बांबूचा ब्रश घेऊन बालीला विमानाने जाण्यापेक्षा रेल्वेने कोकणात जाणं हलकं पडतं.

गैरसमज : ‘अभ्यासात सिद्ध झालंय’ म्हटलं की विषय संपला.

वस्तुस्थिती : पर्याय जास्त दिले की ग्राहक गोंधळतो आणि काहीच घेत नाही, हे मार्केटिंगच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. त्यामागे २००० सालचा जॅमचा प्रयोग आहे. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात सहा प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी खरेदी केली, चोवीस मांडले तेव्हा ३ टक्क्यांनी. २०१० मध्ये अशा पन्नास प्रयोगांचं एकत्र गणित मांडलं, तर सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. २०१५ च्या पुढच्या विश्लेषणाने उलगडा केला : आपल्याला काय हवंय हेच ग्राहकाला ठाऊक नसेल, पर्याय किचकट असतील, तेव्हा गोंधळ होतो. साड्यांच्या दुकानात शंभर घड्या उघडायला लावणाऱ्या बाईंना तो होत नाही.

लहान ताटलीची कल्पना जगभर नेणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॅनसिंक यांचे अनेक शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले. विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन आढळलं आणि त्यांनी राजीनामा दिला. नॉर्वेच्या हॉटेलांतला निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही, कारण तिथे खऱ्या हॉटेलांतल्या वाया गेलेल्या अन्नाचा हिशेब ठेवला होता.

वागणं बदलण्याच्या छोट्या युक्त्यांबद्दल २०२२ मध्ये आणखी एक हिशेब आला. नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा होता. सरकारांसाठी काम करणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकी पथकांचे, छापलेले-न छापलेले सगळे १२६ प्रयोग घेतले, तर तो १.४ निघाला. ज्या प्रयोगांत मोठं यश मिळतं तेच छापून येतात, हे या फरकाचं मुख्य कारण. सरकारी पत्रातले शब्द बदलण्यासारख्या युक्त्यांतून मिळतं ते एवढंच.

मोठा बदल दिसतो तो मूळ पर्यायच उलटवल्यावर. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीचा अनुभव मांडला. निवृत्तीच्या योजनेत येण्यासाठी अर्ज भरावा लागे, तेव्हा नव्या नोकरदारांपैकी ४९ टक्के सामील होत. नको असेल तरच अर्ज करा, असा नियम झाल्यावर ८६ टक्के. आपल्याकडचा पीएफ पगार हातात पडण्याआधीच कापला जातो, म्हणून तो साठतो. मात्र अलीकडच्या अमेरिकी संशोधनात असं आढळलं की माणसं नोकरी बदलताना यातली बरीच रक्कम काढून घेतात, आणि दूरचा फायदा वाटला होता त्यापेक्षा कमी उरतो. पीएफचं जुनं खातं नोकरी सुटली की मोडणारे आपल्याही ओळखीत असतात. तिथे बचतीचं महत्त्व सांगणारं आणखी एक व्याख्यान ठेवण्यापेक्षा, जुनी रक्कम अर्ज न करता नव्या खात्यात आपोआप जाईल आणि काढून घ्यायची असेल तरच अर्ज लागेल, अशी सोय प्रत्येक नोकरदारासाठी झाली पाहिजे.