मंगळावरची रंगपट्टी

२०१३च्या फेब्रुवारीत क्युरिऑसिटी या रोव्हरने मंगळावरच्या एका सपाट खडकाला भोक पाडलं. जेमतेम दीड सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा सेंटिमीटर खोल. मंगळावरच्या खडकाच्या आत शिरून नमुना काढण्याची ती पहिलीच वेळ. आजूबाजूची सगळी जमीन विटकरी धुळीने माखलेली होती, पण भोकाच्या कडेला साचलेली भुकटी निघाली राखाडी, चुलीतल्या राखेसारखी. तांबडा ग्रह जरासा खरवडला आणि आत तांबडेपणा नव्हताच.

तो फोटो मी कितीतरी वेळा पाहिला आहे. मंगळाच्या फोटोंमध्ये भव्य डोंगर आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत, पण माझ्या लेखी या एका भोकाचं मोल त्यांच्याहून अधिक आहे. राखाडी रंगाचा अर्थ असा, की त्या खडकातलं लोह पुरतं गंजलेलं नव्हतं. तो खडक म्हणजे एका प्राचीन तळ्याचा, घट्ट होऊन दगड झालेला चिखल. रोव्हरच्या पोटातल्या प्रयोगशाळेने त्या भुकटीची तपासणी केली आणि तिथलं पाणी फार आम्लही नव्हतं, फार खारटही नव्हतं, सूक्ष्मजीवांना चाललं असतं असं होतं, हे सांगितलं. त्या निष्कर्षाची पहिली खूण मात्र फोटोतल्या रंगानेच दिली होती.

इतका भार रंगावर टाकायचा, तर तो रंग खरा आहे हे कशावरून? कोट्यवधी किलोमीटरवरच्या कॅमेऱ्याने पाठवलेला राखाडी तिथेही राखाडीच होता, याची हमी कोण देणार? हा प्रश्न पोरकट नाही. मंगळाच्या छायाचित्रणाचा अर्धा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

२० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. ते रोव्हर नव्हतं, एका जागी उभं राहणारं यान होतं. त्याने पहिला फोटो काढला तो स्वतःच्याच पायाचा, कृष्णधवल. पाय जमिनीत रुतलाय का, हे आधी बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी रंगीत चित्र जगापुढे आलं आणि त्यात आकाश चक्क निळं होतं! रंगांचा मेळ नीट घालण्याआधीच ते चित्र बाहेर पडलं होतं. आकाश म्हटलं की निळं, ही आपल्या मनाची सवय, आणि तीच त्या चित्रात उतरली. मग यानावर बसवलेल्या रंगांच्या तक्त्यांशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, की मंगळाचं आकाश निळं नाही, फिकट गुलाबी-पिवळसर आहे. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी हसत हसत नापसंतीचा गलका केला, असं त्या मोहिमेतले शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी लिहून ठेवलं आहे. तो गलका मी समजू शकतो. परक्या जगात आपलं आकाश दिसलं होतं आणि एका दिवसात ते काढून घेतलं गेलं.

तेव्हापासून रंगपट्टीवाचून कॅमेरा मंगळावर जात नाही. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या २००४ साली उतरलेल्या जुळ्या रोव्हरांवर ती होती, क्युरिऑसिटीवर आहे, २०२१ साली जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हरन्सवरही आहे. ती तळहाताएवढी तबकडी असते. तिच्यावर लाल, हिरवा, निळा, पिवळा असे ठिपके असतात, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची वलयं असतात आणि मधोमध एक छोटी काठी उभी असते. प्रत्येक रंग किती उजेड परत फेकतो, हे पृथ्वीवरच काटेकोर मोजून ठेवलेलं असतं. रोव्हर आधी किंवा नंतर या तबकडीचा फोटो काढतो. तिथे तिचा लाल कसा दिसला हे कळलं, की शेजारच्या खडकाचा लाल किती खरा हे काढता येतं. लग्नाच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत साडीचा रंग ओळखू येत नाही म्हणून आपण ती दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहतो, तोच हा व्यवहार. फरक एवढाच, की मंगळावर दाराबाहेर दुसरा उजेड नाही, म्हणून ओळखीचा रंगच तिथे न्यावा लागतो.

त्या मधल्या काठीची करामत मला विशेष आवडते. तिची सावली वलयांवर पडते. उन्हातल्या वलयावर सूर्याचा थेट प्रकाश असतो, पण सावलीतल्या वलयावर फक्त आकाशातून झिरपलेला उजेड पोचतो. दोन्हींची तुलना केली, की धुळीने भरलेलं आकाश उजेडाला किती रंगवतं हे समजतं. आपल्याकडे वैशाखात वावटळ उठून गेल्यावर क्षितिजाकडे जी मातकट पिवळी झाक उरते, ती तिथे भर दुपारी डोक्यावर असते.

पण धूळ तबकडीवरही बसणारच. त्यावर उपाय लोहचुंबकाचा. मंगळाच्या धुळीत चुंबकाकडे ओढले जाणारे लोहकण असतात. ठिपक्यांखाली वर्तुळाकार चुंबक दडवले, की धूळ वलयासारखी कडेला ओढली जाते आणि मधला भाग बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. पर्सिव्हरन्सची ही तबकडी कोपनहेगन विद्यापीठात बनली.

कॅमेऱ्यांबद्दल बोलायचं तर आकडे ऐकून निराशा होईल. क्युरिऑसिटीच्या खांबावरचे मुख्य रंगीत कॅमेरे १६०० बाय १२०० बिंदूंचे आहेत, म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. खिशातला साधा मोबाइल त्यांच्या पुढे आहे. पण मोबाइलला तिथली थंडी आणि वैश्विक किरणांचा मारा सोसायचा नसतो. शिवाय फोटो काढणं सोपं, पाठवणं अवघड. रोव्हर आपला माल डोक्यावरून जाणाऱ्या एखाद्या मंगळ-उपग्रहाकडे सोपवतो, तो उपग्रह पृथ्वीकडे धाडतो. कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अँटेना तो संदेश टिपतात. आधी चिमुकल्या प्रती येतात. त्या पाहून कोणता फोटो पूर्ण मागवायचा, हे माणसं ठरवतात.

म्हणूनच मंगळाचे मोठे देखावे तुकड्यातुकड्यांनी शिवलेले असतात, गोधडीसारखे. २०१९च्या नोव्हेंबर अखेरीस, अमेरिकेतली टीम सणाच्या सुट्टीवर असताना, क्युरिऑसिटीने चार दिवसांत साडेसहा तासांहून अधिक वेळ घालवून हजारापेक्षा जास्त फोटो काढले. ते जोडून सुमारे १८० कोटी बिंदूंचं एकच चित्र झालं. सगळे फोटो स्थानिक वेळेनुसार दुपारी १२ ते २ याच वेळात घेतले, कारण सावल्या हलल्या की शिवण दिसते. रोव्हरची ती प्रसिद्ध सेल्फीही अशीच. क्युरिऑसिटीची २०१२मधली पहिली सेल्फी ५५ फोटोंची आहे. कॅमेरा धरणारा हात प्रत्येक वेळी चौकटीबाहेर राहील असा वळवलेला असतो, म्हणून जोडलेल्या चित्रात तो जवळजवळ दिसत नाही. यात लबाडी नाही. सगळ्या चौकटी खऱ्या आहेत.

खरी गफलत होते ती फोटोखालची ओळ न वाचल्याने. मंगळाचा एकच फोटो तीन प्रकारे छापला जातो. पहिल्यात तिथे उभ्या माणसाला साधारण जसं दिसेल तसे रंग. दुसऱ्यात व्हाइट बॅलन्स बदलून, हाच खडक पृथ्वीवरच्या उन्हात कसा दिसला असता ते. भूशास्त्रज्ञांना हा प्रकार सोयीचा, कारण त्यांची नजर इथल्या उजेडात घडलेली. तिसऱ्यात बारीक फरक उठून दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केलेले. ऑपर्च्युनिटीला उतरल्या जागीच खनिजाच्या बारीक गोळ्या सापडल्या आणि त्यांचं टोपणनाव पडलं ‘ब्लूबेरी’. तिसऱ्या प्रकारच्या चित्रांत त्या निळसर दिसतात, पण मुळात त्या करड्या आहेत. हेमटाइट नावाच्या लोहखनिजाच्या. आज मोबाइलवर फिरणाऱ्या मंगळाच्या फोटोंत हे तिन्ही प्रकार सरमिसळ असतात, वर ‘मंगळाचं आकाश निळं, नासाने लपवलं’ अशी टिप्पणी. ते निळं दुसऱ्या प्रकारातलं असतं, आणि तो प्रकार कोणता हे मूळ फोटोखाली लिहिलेलं असतं.

रंगासारखीच मापाचीही गल्लत होते. चित्रात झाड नाही, घर नाही, माणूस नाही. मग खडक केवढा? २०२२च्या मे महिन्यात क्युरिऑसिटीच्या एका फोटोत कड्यात कोरलेलं ‘दार’ जगभर गाजलं. त्या भेगेची उंची दीड फुटाच्या आत होती.

मराठी वाचकाला मंगळाचा खडक परका वाटण्याचं कारण नाही. त्या ग्रहाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचा आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर. उल्कापाताने थेट बसाल्टमध्ये पडलेली, चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, आणि त्यांतलं एक बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. मंगळाचे अभ्यासक तिथे येतात ते याचसाठी. लोणारच्या काठावर उभं राहून मनातल्या मनात सगळ्यावर गंजलेल्या लोखंडाच्या धुळीचा पातळ थर पसरवावा. मंगळाच्या विवराची बरीच कल्पना येते.

आणि तरीही तिथे निळं आहे, सूर्य मावळताना. स्पिरिटने मे २००५मध्ये गुसेव विवराच्या कडेमागे जाणारा सूर्य टिपला, क्युरिऑसिटीने एप्रिल २०१५मध्ये गेल विवरातून. दोन्ही फोटोंत मावळत्या सूर्याभोवती निळं तेज आहे. धुळीचे कण इतके बारीक आहेत, की निळा प्रकाश सूर्याच्या आसपासच राहतो आणि बाकीचे रंग आकाशभर विखुरतात. आपल्या संध्याकाळच्या नेमकं उलट. व्हायकिंगच्या वेळी गेलेलं निळं असं परत आलं, मोजून मापून.

शेवटचा फोटो ऑपर्च्युनिटीचा. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर चौदा वर्षं चालला. १० जून २०१८ रोजी, त्याच्या ५१११व्या दिवशी, ग्रहभर पसरलेल्या वादळात त्याने नेहमीप्रमाणे आकाशातल्या धुळीचं माप घेण्यासाठी सूर्याकडे कॅमेरा वळवला. चित्र काळं आहे. त्यात विखुरलेले पांढरे ठिपके तारे नाहीत, कॅमेऱ्यातला विजेचा गोंगाट आहे. उजेड असता तर तो दिसलाही नसता. चित्र पूर्ण येण्याआधी संदेश तुटला आणि खालचा भाग आलाच नाही. नासाने तो फोटो तसाच, अपुरा, प्रसिद्ध केला.